हेड उतरवण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीहून परतताना, साखरप्याच्या बाजूने आंबा घाट चढत असता, माझ्या वीस वर्षांच्या मोटारीचा तापमानाचा काटा आपली नेहमीची मधली जागा सोडून वर सरकू लागला. तो मी पाहिला. आणि पाहूनही, माथ्यावरची चहाची टपरी आता दोन-अडीच किलोमीटरच काय ती राहिली आहे, तिथवर जाऊ आणि मग थांबू, असा जो निर्णय मी घेतला, तो पुढच्या चार महिन्यांच्या साऱ्या प्रकरणाचा मूळ दस्तऐवज होय. टपरीशी पोचलो तेव्हा काटा लाल रेघेला टेकला होता आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप चिरला होता. तासभर गाडी निवू दिली, चिरेवर रबराची पट्टी आवळून बांधली, पाणी भरले आणि वाटेत चारदा थांबत कोल्हापूर गाठले. दुसऱ्या दिवशी नवा पाइप बसवला, कूलंट भरले, आणि प्रकरण दप्तरी दाखल झाले असे समजून मी स्वस्थ झालो.

जूनपासून मात्र एकामागून एक चार तक्रारी रुजू झाल्या. सकाळी चालू करताच पहिले अर्धे मिनिट इंजिन लंगडत चाले, गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग' करी. टाकीतले कूलंट, जमिनीवर थेंबही न सांडता, आठवड्याला बोटभर उतरे. रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू केली की सायलेन्सरातून निळसर धुराचा एक लोट येऊन विरून जाई. आणि बॉनेटखालून अशी काही खडखड ऐकू येऊ लागली, की जाणती माणसे ती ऐकून काही न बोलता नुसती मान हलवीत. निवृत्तीनंतर एका संस्थेचे हिशेब पाहण्यासाठी मी रोज कोल्हापूरहून इचलकरंजीला जातो. म्हणजे ही गाडी हौसेची नव्हे, रोजच्या राबत्याची. चार सिलिंडरांचे, अकराशे घनसेंटिमीटरच्या आसपासचे, बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेले तिचे इंजिन तोवर दोन लाख दहा हजार किलोमीटर चालले होते.

पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडून मिनिटभर आवाज ऐकला गेला आणि 'फुल इंजिन' करावे लागेल, साठ हजार धरून चाला, असे सांगण्यात आले; बाजारात त्या गाडीला सत्तर हजार येते तरी भाग्य समजावे अशी तिची अवस्था. शेजाऱ्यांनी ती भंगारात घालण्याचा सल्ला दिला. तिसऱ्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे, की दाट ऑइल घालावे आणि चालेल तितके दिवस चालवावी. महसूल खात्यात तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला हे तिन्ही निकाल ओळखीचे वाटले: पहिला जप्तीचा, दुसरा हद्दपारीचा आणि तिसरा तहकुबीचा. साक्षीदार मात्र तिघांपैकी कोणीही तपासला नव्हता.

त्यात सरकारी दप्तराचीही तारीख जवळ येत होती. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षे उलटलेल्या मोटारीला ते दहा हजार केले. जिच्या इंजिनाचा भरवसा नाही तिच्यासाठी ही रक्कम भरायची की नाही, हे ठरवण्यापूर्वी तिच्या पोटात नेमके काय बिघडले आहे हे कळणे अगत्याचे होते. त्या शोधात मी शिवाजी उद्यमनगरात येऊन पोचलो.

कोल्हापूरचे उद्यमनगर ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे वर्णन नको. लेथच्या अखंड घरघरीत, कापलेल्या बिडाच्या वासात आणि ऑइलने काळवंडलेल्या फरशीवर तिथे अनेक पिढ्यांचे हात घडले आहेत. तिथल्या एका बोळात, तीन गाड्या उभ्या केल्या की भरून जाणाऱ्या गॅरेजात, साठीच्या घरातले एक मिस्त्री बसतात. मी त्यांना चारही तक्रारी सांगितल्या आणि, पहिल्या गॅरेजाचा संस्कार मनावर असल्यामुळे, हेड कधी उतरवणार, असे विचारले. त्यांनी पान्याकडे हातही नेला नाही.

"साहेब, हेड उतरलं की पुरावा मोडला. इंजिन जोडलेलं हाय तवर काय इचारायचं ते इचारून घ्यायचं. खोलल्यावर ते बोलत न्हाई."

या तीन वाक्यांत निदानाचे अवघे शास्त्र आहे, हे मला पुढच्या पाच दिवसांत उमगत गेले. इंजिनाच्या आतली दुखापत चालत्या इंजिनाच्या आवाजात, धुरात आणि दाबात व्यक्त होते. हेड एकदा सुटे होऊन बाकावर आले, की सिलिंडरात दाब किती धरला जात होता आणि तो कोणत्या वाटेने निसटत होता, हे प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. उरतात फक्त सुटे भाग. आणि सुट्या भागांसमोर उभा राहिलेला घाईचा माणूस सगळेच बदलून टाकतो. फुल इंजिनाचा खर्च पुष्कळदा बिघाडाचा नसतो, अज्ञानाचा असतो.

माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात, पंचगंगेच्या काठी, पाणी उपसण्याचे ऑइल इंजिन होते. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्यात १९४६ साली निघाला, आणि त्यानंतरच्या काळात या इंजिनांचा ठोका आमच्या शिवाराच्या अंगवळणी पडला. वडील बांधावर डोळे मिटून पडलेले असत आणि शंभर ठोक्यांत एखादा ठोका चुकला की उठून बसत. त्यांनी कोणते मापयंत्र कधी हाती धरले नव्हते. पण निरोगी ठोका त्यांच्या कानात मुरलेला असल्यामुळे बिघडलेला ठोका त्यांना परका वाटे. मी मात्र काचा लावून, रेडिओ सुरू ठेवून वीस वर्षे गाडी हाकली. रोजच्या सहवासात माणूस ज्या गतीने म्हातारा होतो ती जशी घरच्यांना दिसत नाही, तशीच इंजिनाची झीज रोज चालवणाऱ्याला ऐकू येत नाही.

त्या झिजेचे आणि त्या दुखापतीचे स्वरूप समजण्यासाठी आत काय चालते हे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. ऑटोने १८७६ साली यशस्वी करून दाखवलेले चार टप्प्यांचे चक्रच आजही चालू आहे: मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे, बाहेर टाकणे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असता प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर येतो आणि पन्नास वेळा खाली जातो, आणि प्रत्येक सिलिंडरात पंचवीस स्फोट होतात. ज्वलनाच्या क्षणी आतल्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही पलीकडे जाते. आणि ज्या ॲल्युमिनियमचे पिस्टन व हेड घडवलेले असते ते ६६० अंशांना वितळते. तरीही ते वितळत नाही, कारण उष्णता क्षणभरच टिकते आणि बाजूने वाहणारे पाणी व ऑइल ती सतत उचलून नेतात. पाणी तुटले की हा करार मोडतो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बोल्टांनी जखडलेले हेड मोकळेपणी पसरू शकत नाही, ते वाकते, आणि हेड व ब्लॉक यांच्यामधल्या गॅसकेटवर सारा ताण येतो. आंबा घाटातल्या टपरीपर्यंतचे माझे अडीच किलोमीटर ते हेच.

मिस्त्रींनी तपासाचा क्रम लावला तो बाहेरून आत आणि फुकटाकडून खर्चाकडे. पहिली पाळी धुराची. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळते आहे, मात्र गार सकाळी येणारी पातळ पांढरी वाफ ही नुसती वाफच असते. निळ्यातही भेद असतो. चढावर जोर लावला की निळा धूर येत राहिला, तर रिंगांवर संशय घ्यावा. रात्रीच्या मुक्कामानंतर एकच लोट येऊन थांबला, तर वॉल्व्हच्या दांड्यांवरची सीले कडक होऊन त्यांच्या कडेने ऑइल रात्रभर झिरपले, असे समजावे. माझ्या गाडीचा धूर या दुसऱ्या प्रकारचा निघाला. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधासारखा फेस जमलेला होता आणि तो पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढून दाखवली. तिच्यावरचे ऑइल काळसर पण निर्मळ होते. पावसाळ्यात, बाजारहाटाच्या आखूड फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि हवेतला ओलावा झाकणाखाली धरतो, एवढाच त्या फेसाचा अर्थ होता. पहिला आरोपी सुटला.

दुसरी पाळी आवाजाची. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून मिस्त्री बराच वेळ उभे राहिले. इंजिनाच्या आवाजाचे व्याकरण तालावर आधारलेले आहे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून टॅपेटची टिकटिक निम्म्या लयीत आणि हलकी येते, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका क्रँकच्या लयीत, खोल आणि जोर लावला की वाढणारा असतो. गार असताना वाजून तापल्यावर थांबणारा आवाज बहुधा पिस्टनचा. माझी खडखड यांपैकी कोणत्याच तालात बसेना. तेव्हा मिस्त्रींनी पुढचा पट्टा उतरवला, आणि वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असल्यामुळे मिनिटभरच इंजिन चालवले. खडखड नाहीशी झाली. ती आल्टरनेटरच्या बेअरिंगची होती. ज्या आवाजावरून साठ हजारांचा हुकूम सुटला होता तो आवाज इंजिनाचा नव्हताच.

तरीही खालच्या अर्ध्या भागाला केवळ तेवढ्यावरून निर्दोष ठरवायला मिस्त्री तयार नव्हते. ऑइलच्या दाबाचा स्विच काढून त्यांनी तिथे काट्याचे मापयंत्र बसवले. या दाबामागे एक जुनी गोष्ट आहे. इंग्लंडात ब्यूशँप टॉवर नावाचा अभियंता १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या बेअरिंगांचे प्रयोग करीत असता त्याने एका बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले. त्यातून ऑइल वर येऊ लागले म्हणून लाकडी खुंटी मारली, तर फिरत्या दांड्याने ती खुंटीच बाहेर ढकलली. धातू धातूवर घासत नसून ऑइलच्या दाबाने उचलला जाऊन त्यावर तरंगत असतो, हे त्या खुंटीने सांगितले, आणि १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याची गणिती उपपत्ती दिली. आपल्या मोटारीचा क्रँकही असाच केसाहून कितीतरी पातळ थरावर तरंगतो. पंप त्या थराला ऑइलचा पुरवठा करतो. बेअरिंग झिजून फट वाढली, की ऑइल कडेने निसटते आणि पंपाचा दाब पडतो. दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला दहा पौंड, हा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा. पुरत्या तापलेल्या माझ्या इंजिनाने उभ्या चालीत अठरा आणि तीन हजार फेऱ्यांना पंचेचाळीस पौंड दाखवले. खालचा अर्धा भाग निर्दोष सुटला.

हा दाब नसला म्हणजे काय होते, याचे प्रत्यंतर तिसऱ्याच दिवशी गॅरेजात ओढून आणलेल्या एका टॅक्सीत आले. ऑइलचा लाल दिवा निपाणीपासून लुकलुकत होता आणि 'कोल्हापुरात जाऊन बघू' म्हणून चालकाने ती तशीच हाकली होती. लोक त्या दिव्याला इशारा समजतात. वस्तुतः दाब चौरस इंचाला जेमतेम काही पौंड उरल्यावर तो लागतो, म्हणजे तो इशारा नसून पंचनामा आहे. इंजिन हातोड्यासारखे ठोके देत होते. दोन नंबरच्या प्लगची वायर काढताच त्या सिलिंडरातला स्फोट थांबून रॉडवरचा भार गेला आणि ठोका मऊ पडला: दुखणे कोणत्या रॉडचे, हे न खोलता कळले. मग ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद फडक्यावर पसरला, तर उन्हात तांबूस चमकी दिसली. लोहचुंबकाला ती चिकटेना. बेअरिंगच्या शेलवर वर मऊ धातूचा थर असतो, त्याखाली तांब्याच्या मिश्रणाचा आणि पाठीला पोलाद; तांबे दिसले याचा अर्थ वरचा थर संपला. त्या टॅक्सीचा क्रँक ग्राइंडिंगसाठी पलीकडच्या बोळात गेला. खरे दुखणे असे असते, आणि ते असले तर मिस्त्रीही फुल इंजिनच सांगतात. माझ्या गाडीवर तोच हुकूम पुराव्यावाचून सुटला होता, एवढेच माझे गाऱ्हाणे.

आता उरले वरचे दालन. चारही प्लग काढून एका ओळीत मांडले तेव्हा एक, दोन आणि चार यांची टोके करड्या-तपकिरी रंगाची होती. तीन नंबरचे मात्र घासून धुतल्यासारखे पांढरे. रात्रभर झिरपलेल्या कूलंटची वाफ जिथे होते तिथला प्लग असाच धुतला जातो. सकाळच्या लंगडण्याचा उगम तिथे होता. मग कॉम्प्रेशन मोजले. ही चाचणी सोपी दिसते म्हणून पुष्कळजण ती चुकीची करतात: इंजिन तापलेले हवे, बॅटरी भरलेली हवी, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि ठिणगी तोडलेली, ॲक्सिलरेटर पुरता दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडराला सारखेच चार-पाच दाब. ॲक्सिलरेटर दाबायला विसरले तर निरोगी इंजिनही मरणासन्न दिसते. आकडे आले ते असे: १६५, ११५, ११०, १७०. निरोगी सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी; इथे ती तिसाच्या पुढे गेलेली, आणि तीही मधल्या दोन शेजाऱ्यांत.

शेजारी-शेजारीचे दोन सिलिंडर एकदम पडले म्हणजे त्यांच्यामधली भिंत फुटली असावी, हा तर्क. पण तर्कावर निकाल द्यायचा नव्हता. मिस्त्रींनी दोन आणि तीन नंबरात चमचा-चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजले. रिंगांची कड झिजलेली असती तर ऑइलने ती घटकाभर बुजून आकडा चांगलाच चढला असता. तो पाच पौंड चढला. रिंगा आणि बोअर सुटले. मग दोन नंबरचा पिस्टन, दोन्ही वॉल्व्ह मिटलेले असताना, माथ्यावर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली, आणि आम्ही दोघे कान देऊन उभे राहिलो. हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरातून आली तर एक्झॉस्टचा वॉल्व्ह, हवा आत घेण्याच्या वाटेने आली तर दुसरा वॉल्व्ह. हवा शीळ घालीत तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून बाहेर पडली, आणि रेडिएटरच्या उघड्या तोंडाशी एकामागून एक बुडबुडे फुटू लागले. शेवटी नळीतले निळे रसायन रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालवले; जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड लागला की ते पिवळे पडते. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी ती पिवळी नळी नुसती माझ्या हाती दिली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच पान्याकडे वळले.

हेड उतरल्यावर दोन आणि तीन यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर गॅसकेट करपून तुटलेले दिसले. सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फीलर गेज सरकवले, तर हेड मध्यभागी मिलिमीटरचा बारा शतांश भाग वाकलेले. असल्या लहान हेडला पाच शतांशाच्या पलीकडे वाक सहसा चालत नाही. लेथवाल्याने ते लागेल तेवढेच फेसिंग करून सपाट केले, तडा नाही याची दाब देऊन खात्री केली. हेड बाहेर आलेच होते, म्हणून वॉल्व्ह घासून बसवले आणि सीले नवी घातली. बोल्ट मधून कडेकडे, क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळले गेले, कारण हेडला पुन्हा वाकडे करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ते एका टोकाकडून आवळणे. आल्टरनेटरच्या बेअरिंगसकट सारा खर्च सोळा हजार रुपये आला. चार तक्रारींचे तीन निरनिराळे धनी निघाले होते, त्यांतल्या दोघांचा निकाल त्या एका हेडमध्ये लागला, आणि ज्या रिंगा, पिस्टन, क्रँक यांच्यावर मूळ आरोप होता ते सगळे जागचे हललेही नाहीत. दिवाळीच्या आधी मी नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज दिला.

गाडी घरी आणल्यावर, खर्चाची नोंद करावी म्हणून, मोटारीची वही काढली. खात्यातली सवय म्हणून ही वही मी पहिल्या दिवसापासून ठेवत आलो आहे: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, पाणी, शेरा. सोळा हजारांचा आकडा मांडून सहज मागची पाने चाळली, आणि हातातली लेखणी थांबली. ऑइलची भर गेल्या दिवाळीपासून दर दोन महिन्यांनी पाव लिटर, मग दर महिन्याला. कूलंटची भर फेब्रुवारीत एकदा, मार्चमध्ये दोनदा, एप्रिलमध्ये तीनदा. माझ्याच अक्षरात. घाटात चिरलेला तो पाइप तीन महिने आधीपासून पाझरत होता, आणि त्याची जबानी तारीखवार नोंदवून, खाली सही करून, मी वही मिटत होतो. तीस वर्षे इतरांच्या दप्तरांतल्या विसंगती शोधून त्यांच्याकडून खुलासे मागवणाऱ्या माणसाने आपली वही लिहिली होती, वाचली नव्हती.

आता महिन्याच्या एक तारखेला मी तिच्यातल्या बेरजा मारतो. आणि आठवड्यातून एकदा, शिरोली ओलांडल्यावर, रेडिओ बंद करून काचा खाली घेतो.